फायबरच्या विमानात ईएलटीचा (विमान आपटलं की आपोआप मदतीचा संदेश पाठवणाऱ्या डब्याचा) अँटेना सीटमागे बसवला तर चालेल का?

भाऊ, सीटमागे नको, शेपटीकडे न्या. तुमचं दोन सीटचं विमान ग्लास फायबरचं आहे म्हणता, मग अँटेना आत बसवायला हरकत नाही. रेडिओ लहरी त्यातून आरपार जातात. (कार्बन फायबर असतं तर बाहेरच काढावा लागला असता.)

मी धुळ्याकडे विमानांच्या रेडिओचं काम करतो. माझ्या मते सगळा घोळ केबलचा असतो. डबा शेपटीत, अँटेना सीटमागे, मधे दोन मीटर केबल. विमान आपटून मधेच मोडलं की केबल तुटते आणि डबा बिचारा आतल्या आत ओरडत बसतो. दोन्ही एकाच मजबूत भागावर, हातभर अंतरात ठेवा. अँटेना उभाच हवा. पत्र्याच्या विमानात खालचा पत्राच त्याला 'जमीन' पुरवतो, म्हणजे लहरी नीट पसरायला लागणारा धातूचा पृष्ठभाग. तुमच्याकडे तो नाही, म्हणून बुडाशी तांब्याच्या पट्टीचे चार फाटे चारी दिशांना चिकटवा, प्रत्येकी साधारण ६० सेंमी.

बोलायच्या रेडिओचा अँटेना ईएलटीच्या अँटेनापासून लांब ठेवा. ओळखीतल्या एका विमानात १२१.२ वर बटण दाबलं की जीपीएस गायब व्हायचं. १२१.२ ला १३ ने गुणा, १५७५.६ येतात, जीपीएस चालतं १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. बोलायच्या रेडिओच्या लहरी ईएलटीत शिरून तेरा पटीने परत बाहेर पडत होत्या. ईएलटीची केबल काढली, जीपीएस ताळ्यावर आलं!

फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर संदेश देणारा जुना डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो ऐकतच नाहीत. ४०६ वाला घ्या आणि इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात त्याची नोंदणी करा.

आता आपल्याकडची अडचण. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतलं की विमान पालथं, अँटेना चिखलात. म्हणून एक पीएलबी (माणसाने स्वतः चालू करायचा, खिशात मावणारा तसाच छोटा डबा) अंगावरच्या जॅकेटात ठेवा, बॅगेत नको. जुलै २०२१ मध्ये चोपड्याजवळ सातपुड्यात शिकाऊ विमान पडलं, प्रशिक्षक गेले. जखमी मुलीला गावकऱ्यांनी साडीची झोळी करून खाली आणलं. गाव जवळ होतं. तोरणमाळच्या पलीकडे कुठे उतरलात तर कोण येणार?

आग विझवायला पावडरचा सिलेंडर मात्र नको. बंद कॉकपिटमध्ये उडाली की समोरचं काही दिसत नाही, वर ॲल्युमिनियमही खाते.

शेपटीच्या आतला फोटो टाका, फाटे कुठून काढायचे ते सांगतो.