समुद्रात तेल काढायच्या नोकऱ्या महत्त्वाच्या की गळतीची भीती मोठी?

मुंबईत बसून नुसतं 'ड्रिलिंग बंद करा' म्हणणं सोपंय हो, पण बॉम्बे हाय हे मुंबईसमोरच्या समुद्रातलं तेलक्षेत्र १९७४ ला सापडलं तेव्हापासून किती घरं त्यावर चालली, चौदा दिवस रिगवर (समुद्रातल्या तेल काढायच्या फलाटावर) चौदा दिवस घरी करणारे लोक आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत, पगार चांगला असतो पण जीवाची जोखीमही त्यांचीच, बॉम्बे हायवरच्या २००५ च्या आगीत २२ माणसं गेली.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल सांडलं (ते रिगचं नव्हतं, जहाजाचं इंधन होतं, पण बोंबलाला काय फरक पडतो!), नारळी पौर्णिमा तोंडावर आणि लोक मासे घ्यायलाच घाबरत होते, म्हणजे जाळं रिकामं नसलं तरी कोळणीची पाटी तशीच भरलेली. त्याच वर्षी अमेरिकेत डीपवॉटर होरायझन या रिगची विहीर फुटून ८७ दिवस समुद्रात तेल ओतत होती.

माझं मत विचाराल तर आहेत त्या विहिरी चालू द्या, पण पाइपलाइन जुन्या झाल्यात त्या आधी बदला आणि कोळ्यांच्या भरपाईचे पैसे कंपनीकडून आधीच बाजूला काढून ठेवा, सांडल्यावर कोर्टाच्या चकरा मारायला कोळ्याकडे वेळ कुठंय.