स्वयंपाकघरातील प्रश्न : शेंगदाण्याचा सॉस रवाळ का होतो?

प्रश्न : आग्नेय आशियात सातेसोबत, म्हणजे काडीला टोचून कोळशावर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांसोबत, देतात तसा शेंगदाण्याचा सॉस मी घरी करून पाहिला. घरातल्याच दाण्याच्या कुटात सोया सॉस, साखर आणि गार पाणी घातले. परंतु तो रवाळ झाला आणि थोड्या वेळाने पाणी वेगळे सुटले. पीनट बटर विकत न आणता तो झटपट करता येईल का? त्यात कांदा-लसूण मसाला चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अवश्य करता येईल, आणि पीनट बटरची मुळीच गरज नाही. अडचण कुटातच आहे. चटणीसाठी किंवा भाजीसाठी आपण कूट मुद्दाम भरड ठेवतो. सॉससाठी मात्र दाण्यातले तेल सुटेपर्यंत वाटावे लागते, आणि दाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचाच असल्याने त्यासाठी वरून तेल घालावे लागत नाही.

एक वाटी दाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून, कोमट असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात घ्यावेत. आधी नेहमीचे कूट होईल, मग ते भांड्याच्या कडांना चिकटून बसेल. बहुतेक जण येथेच थांबतात. चमच्याने कडा खरवडून, मिक्सरला मध्ये मध्ये विसावा देत आणखी चार-पाच मिनिटे फिरवल्यास तो गोळा एकाएकी सैल पडतो आणि चकाकणारे, चमच्यावरून ओघळणारे वाटण तयार होते.

आता त्यात दोन मोठे चमचे सोया सॉस, प्रत्येकी एक मोठा चमचा किसलेला गूळ व चिंचेचा दाट कोळ, दोन लसूणपाकळ्या आणि आल्याचा लहानसा तुकडा घालून पुन्हा फिरवावे. इंडोनेशियात या सॉसला ताडगुळाची आणि केचप मानिस नावाच्या गोड सोया सॉसची गोडी असते, म्हणून साखरेपेक्षा आपला गूळच त्या चवीच्या अधिक जवळ जातो; त्यातही पिवळ्याधमक गुळापेक्षा गडद तपकिरी गूळ मला अधिक पसंत आहे.

पाणी गरमच हवे, आणि तेही चमच्या-चमच्याने. पहिल्या दोन-तीन चमच्यांनंतर मिश्रण सैल होण्याऐवजी उलट घट्ट होते, कारण दाण्यातील प्रथिने व पिष्ट ते पाणी शोषून घेतात. तेव्हा घाबरून एकदम वाटीभर पाणी ओतू नये. घोटत राहावे, म्हणजे सुमारे अर्धी वाटी पाणी जिरेपर्यंत रंग फिकट होऊन सॉस मऊसूत होतो. सोया सॉस खारट असल्याने मीठ चाखूनच घालावे.

कांदा-लसूण मसाला मात्र घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील धने, खोबरे आणि गरम मसाला या सॉसला थेट आपल्या रश्श्याकडे ओढून नेतात. तिखटपणासाठी एक-दोन संकेश्वरी मिरच्या गरम पाण्यात भिजवून दाण्यांबरोबर वाटल्यास रंगही सुरेख येतो.

गार झाल्यावर सॉस पुन्हा दाटतो; वाढण्यापूर्वी चमचाभर गरम पाणी घालून ढवळावा. फ्रिजमध्ये तो चार-पाच दिवस टिकतो, नारळाचे दूध घातले असल्यास दोन दिवसांत संपवावा. काकडी, उकडलेले बटाटे, फरसबी, भाजलेले पनीर यांबरोबर तो छान लागतो. मात्र पाहुण्यांना वाढताना त्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगावे, कारण काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते.