ग्राफिक्स कार्डाच्या मागचे कोणते पोर्ट बघून कार्ड निवडावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: घरी व्हीजीएचा जुना मॉनिटर आहे, तो टाकवत नाही. नवा १४४०पी, १६५ हर्ट्झचा घ्यायचाय. अधूनमधून हॉलमधल्या ४के टीव्हीलाही पीसी जोडायचाय. दुकानदाराने दोन कार्डं दाखवलीत. एकाला एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट आहेत. दुसरं जरा जुनं, त्याला डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट असं सगळं थोडं थोडं आहे. (व्हीजीएसकट ही सगळी नावं मॉनिटरची केबल लावायच्या वेगवेगळ्या पोर्टांची, म्हणजे खाचांची.) आणि तो म्हणतोय, "हे घ्या, यात सगळं आहे."

डीव्हीआयमधून जुन्या मॉनिटरला व्हीजीए मिळेल म्हणून ते कार्ड घेऊ नका. कार्डाच्या आधी मॉनिटरच्या मागे काय आहे ते बघा.

थोडं गणित करू. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४० ठिपके. ते सेकंदाला १६५ वेळा पाठवायचे आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, म्हणजे साधारण १४.६ गिगाबिट झाले. एचडीएमआय २.० वर १८ लिहिलेलं असतं, पण त्यातले चित्रासाठी १४.४ च उरतात. त्यामुळे मॉनिटरचा एचडीएमआय २.० असेल तर १४४ हर्ट्झवर गाडी अडते आणि १६५ साठी पैसे मोजून माणूस कपाळाला हात लावतो. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये चित्रासाठी २५.९ गिगाबिट जागा असते, तिथे हा प्रश्नच येत नाही. तेव्हा नवा मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडायचा. गेल्या काही वर्षांतल्या मध्यम किमतीच्या बहुतेक कार्डांना किमान एक डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा त्यापुढचा असतोच, त्यामुळे या मुद्द्यावर दोन कार्डांत फारसा फरक पडत नाही.

टीव्हीचं वेगळं. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळपास नसतोच, म्हणून कार्डावरचा एकुलता एक एचडीएमआय टीव्हीसाठी राखून ठेवा. इथे मात्र एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा बघाच. ४के ला ६० हर्ट्झवर १२ गिगाबिट लागतात आणि एचडीएमआय १.४ मध्ये चित्रासाठी ८ च्या जरा वर मिळतात. म्हणून तिथे ३० हर्ट्झवर समाधान मानावं लागतं. सिनेमा बघायला ३० चालतं, पण माउस हलवलात की बाण मागे रेंगाळत येतो. मी एकदा दोन दिवस ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढ-घाल करत बसलो होतो, शेवटी दोष निघाला माळ्यावरून काढलेल्या जुन्या केबलचा. टीव्हीवर ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर दोन्हीकडे एचडीएमआय २.१ आणि मधे 'अल्ट्रा हाय स्पीड'चं लेबल असलेली केबल लागते. शिवाय नुसत्या '२.१' या आकड्यावर विसंबू नका. त्या नावाखाली सगळ्या सोयी द्यायलाच हव्यात असं बंधन कंपन्यांवर नाही. माहितीपुस्तिकेत कुठल्या पोर्टवर किती हर्ट्झ मिळतात ते लिहिलेलं असतं, तेच खरं. टीव्हीच्याही सगळ्या एचडीएमआयमध्ये सारखी ताकद असेलच असं नाही, आणि काही टीव्हींमध्ये ती सोय सेटिंगमधून चालू करावी लागते.

आता तुमचा जुना व्हीजीए मॉनिटर. दुकानदाराला वाटतंय की डीव्हीआय असला की साधा जोड लावून व्हीजीए मिळेल. मलाही तेच वाटलं होतं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० कार्ड घेतलं तेव्हा पुण्याच्या तापकीर गल्लीतून तो पांढरा छोटा जोड आणला आणि घरी येऊन बघतो तर चार पिनांना भोकंच नाहीत! जुन्या डीव्हीआय-आय मध्ये त्या आडव्या पट्टीभोवती चार भोकं असायची, त्यातून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल यायचा. एनव्हिडियाने २०१६ च्या १०-मालिकेपासून तो सिग्नलच काढून टाकला आणि राहिला तो फक्त डिजिटलवाला डीव्हीआय-डी. आता व्हीजीए हवं तर आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो, आणि तो डिस्प्लेपोर्टवरही चालतो. म्हणजे ज्या डीव्हीआयसाठी तुम्ही जुनं कार्ड घ्यायला निघालात, त्याचा तुमच्या व्हीजीएला काडीचा उपयोग नाही.

कन्व्हर्टर घेताना दिशा तेवढी नीट सांगा. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयच्या मॉनिटरला जाणारी केबल स्वस्तात मिळते. तीच उलटी लावून कार्डाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला चित्र जात नाही.

पोर्टांची संख्या कधी बघायची? तीन-चार मॉनिटर लावणार असाल तेव्हा. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या कार्डाला मुळात दोनच पोर्ट असतात, तिथे तुमचे नवा मॉनिटर, जुना मॉनिटर आणि टीव्ही असे तिघे एकदम बसणार नाहीत. उलट कार्डाला पाच भोकं असली तरी एका वेळी चारच मॉनिटर चालतात, असंही असतं. डिस्प्लेपोर्ट २.१ साठी जास्तीचे पैसे मोजू नका, तुमच्या मॉनिटरला त्याची गरज नाही.

एवढ्यावर मी एक एचडीएमआय २.१ आणि तीन डिस्प्लेपोर्टवालं कार्ड घेईन आणि व्हीजीएसाठी वेगळा कन्व्हर्टर.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या वरच्या एचडीएमआयला नको. हसू नका, नवं कार्ड घेऊन "गेम अजून अडकतोय" म्हणणाऱ्या निम्म्या मित्रांकडे मला हेच सापडलंय. आणि डिस्प्लेपोर्टची केबल काढताना वरचा खटका दाबून काढा. तसाच हिसका दिलात तर पोर्टच वाकायचा.