राष्ट्रीय उद्यानांतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत फक्त देशी बनावटीचाच माल ठेवायची सक्ती करावी का?

सक्ती नको, सवलत द्या. माझं मत एवढंच आहे, पण नुसतं मत सांगून भागणार नाही. गोव्यातल्या फोंड्यात माझं भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे, त्यामुळे हा माल कुठून येतो आणि कसा खपतो ते रोज बघतो.

तुम्ही म्हणता, अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांतल्या दुकानांत अमेरिकी मालच ठेवावा अशी मागणी होते, मग आपल्या मोलेला तसा नियम का नको? मोले हे गोव्यातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान. दूधसागर बघून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत चिनी मॅग्नेट गेलं की मलाही बरं वाटत नाही. पण 'देशी' म्हणजे काय हे ठरवायला बसलात की पहिल्याच वस्तूला घोडं अडतं.

ते फ्रिजचं मॅग्नेट उलटं करून बघा. मागे डिंकानं डकवलेली काळी चकती, पुढे रेझिनचा ठोकळा, त्यावर छापील धबधबा. चकती परदेशातून आलेली, ठोकळा परराज्यात ओतलेला, छपाई आणि चिकटवाचिकटवी तिसरीकडे. व्यापारी त्यावर 'मेड इन इंडिया' लिहून मोकळा होतो, आणि ते खोटं आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. सरकारी खरेदीच्या 2017 च्या आदेशात स्थानिक मूल्य किती टक्के हवं याची व्याख्या आहे. पण तो हिशेब पन्नास रुपयांच्या मॅग्नेटला कोण लावत बसणार?

काजूचंही तेच. पर्यटक गोव्यातून हमखास काजू नेतो. पण आपल्या देशातले काजू कारखाने चालतात ते बऱ्याच अंशी आफ्रिकेतून आणलेल्या कच्च्या बियांवर. बी तिकडची, फोडली-सोलली इथे, मग गर देशी की परदेशी? हा घोळ आहे म्हणूनच 'गोवा काजू'ला 2023 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची किंमत आहे. आता त्या नावावर भलतीच बी खपवणाऱ्याला निदान जाब तरी विचारता येईल.

बरं, समजा व्याख्या जमली. शंभर टक्के भारतीय माल आला. तो कुठला येईल? मुरादाबादचं पितळ, जयपूरच्या छापील पिशव्या. चांगला माल आहे, मीही ठेवतो. पण आपल्या गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या चिताऱ्याला, म्हणजे लाकडावर लाखेचा रंग चढवणाऱ्याला, त्यातून काय मिळालं? त्याचं काम कधी जवळून बघा. लेथवर लाकूड गरागरा फिरत असतं, त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग लाकडाला धरतो. एक लाटणं होईस्तोवर छापखान्यात मॅग्नेटची पेटी भरते. 'देशी' एवढीच अट असेल तर ठेकेदार स्वस्तातलं देशी उचलेल. त्यात त्याचा काय दोष? दुकानाच्या लिलावात भरलेले पैसे त्याला काढायचे असतात.

आणि देशी म्हणून सगळंच चालतं असंही नाही. प्रवाळ आणि कितीतरी जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. जंगलाच्या दारात शंखाचा दिवा विकायला ठेवायचा आणि वर 'स्वदेशी' अशी पाटी लावायची म्हणजे कमालच झाली.

कायद्याचाही एक खोडा आहे. जागतिक व्यापाराच्या नियमांनुसार सरकार स्वतःच्या वापरासाठी खरेदी करतं तेव्हा देशी मालाला झुकतं माप देऊ शकतं. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ती मुभा नाही, आणि भेटवस्तूंचं दुकान म्हणजे नेमकी तीच विक्री. सौर विजेच्या योजनेत देशी बनावटीचे सौर सेल वापरायची अट घातली म्हणून भारत 2016 मध्ये अमेरिकेविरुद्धची केस हरलाच होता. मॅग्नेटपायी कोणी जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार घेऊन जाणार नाही, हे मान्य. तरी नियम करताना हे माहीत असावं.

खेळण्यांचं उदाहरण मात्र सक्तीच्या बाजूनं देतात. 2020 मध्ये आयात शुल्क 20 वरून 60 टक्क्यांवर नेलं, 2021 पासून भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा झाला, आणि चिनी खेळणी खरंच कमी झाली. पण त्याच शिक्क्याच्या चाचण्या लाकडी खेळणी करणाऱ्याच्या डोक्यावर बसणार होत्या. शेवटी नोंदणीकृत कारागिरांना त्यातून वगळावं लागलं.

अमेरिकेतलंच काही घ्यायचं तर हे घ्या. 1998 च्या कायद्यानं तिथल्या उद्यानांतल्या ठेकेदारांना मूळ अमेरिकी आदिवासी, अलास्का, हवाई आणि सामोआच्या मूलनिवासींच्या हस्तकलेच्या विक्रीवर उद्यानाला द्यायची ठेक्याची फी माफ आहे. कोणावर जबरदस्ती नाही. पण तो माल ठेवला तर ठेकेदाराच्या खिशात चार पैसे जास्त उरतात, म्हणून तो आपण होऊन मागवतो. दुसरीकडे 2011 मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या सरकारी संस्थेच्या संग्रहालयाच्या दुकानात राष्ट्राध्यक्षांचे चिनी बनावटीचे पुतळे विकले जातात म्हणून आवाज उठवला, तेव्हा त्या संग्रहालयातलं एक दुकान अमेरिकी मालाचं झालं. एक!

मोलेला हेच करता येईल. कुंकळ्ळीचं लाखकाम, डिचोलीच्या समया आणि मातीची भांडी, बांबूच्या टोपल्या, कुणबी विणीचं कापड, एवढ्यावरची विक्री परवाना शुल्कातून वगळा. यादी छोटी असली की तपासणीही सोपी.

आणि पैसे रोख द्या. यावरच सगळं अडतं. 'माल ठेवून जा, खपला की बघू' ही आमच्या धंद्यातली रीत आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई करवंटीच्या वस्तू करतात. त्यांचा माल एका शोरूमनं असाच ठेवून घेतला. पावसाळा उलटला तरी पैसे नाहीत, आणि उरलेले पीस परत आले ते धूळ बसलेले, कडा उडालेले. त्यानंतर बाईंनी शोरूमचं नावच टाकलं. आता त्या जत्रेत बसतात, हातात पैसे पडतात.

तुम्ही वन खात्याला निवेदन देणार असं लिहिलंय. त्यात 'फक्त भारतीय माल' या ओळीऐवजी 'माल ताब्यात घेताना निम्मे पैसे, उरलेले महिन्याच्या आत' ही अट घाला. मीही सही करतो.