मूत्रपिंडाचा विकार आणि कुत्र्याचा आहार

प्रश्न : आमच्या १० वर्षांच्या लॅब्राडोरचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) २.४ मि.ग्रॅ./डेसिलिटर आले आहे. प्रथिने पूर्ण बंद करून त्याला वरण-भातावर ठेवावे का? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : प्रथिने एकदम तोडू नयेत, त्याने स्नायू झिजतात. पुन्हा केलेल्या तपासणीतही आकडा तेवढाच राहिला, तर विकाराचा तो दुसरा टप्पा (क्रिएटिनिन १.४ ते २.८) मानतात आणि तेव्हा मुख्य भर फॉस्फरस कमी करण्यावर असतो, म्हणून हाडे व काळीज टाळून भात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग द्यावा, मात्र हे घरचे जेवण पशुवैद्यांकडून संतुलित करून घ्यावे. औषधे ठरवण्यापूर्वी लघवीतील प्रथिने व रक्तदाब तपासण्याचा आग्रह धरावा. कांदा-लसणाच्या फोडणीचे वरण तर नकोच. बडोद्याच्या उन्हाळ्यात पाण्याचे भांडे सतत भरलेले असावे.