चकली कुरकुरीत, तरीही खवट का?

प्रश्न : गेली काही वर्षे मी गिरगावातील राहत्या घरातून दिवाळीचा फराळ विकते. चकल्या जाड, पारदर्शक पॉलिथिनच्या पिशवीत भरून मशीनने सील करते. यंदा तीन आठवड्यांनी काही गिऱ्हाइकांनी कळवले, की चकली कुरकुरीत आहे, पण तिला खवट वास येतो. दुकानातील वेफर्स महिनोन्‌महिने कशी टिकतात? त्या पाकिटांत भरलेली हवा ही फसवणूक नव्हे काय? शिवाय, तळण निथळण्यासाठी मी वर्तमानपत्र वापरते, ते योग्य आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपली चकली सादळली नाही, याचा अर्थ पिशवीने मुंबईची दमट हवा बाहेर थोपवली. पॉलिथिनमधून पाण्याची वाफ फारच कमी जाते. ऑक्सिजन मात्र त्यातून सहज झिरपतो, मग सील कितीही पक्के असो. तेलाशी ऑक्सिजनचा संयोग होऊन खवटपणा येतो आणि पारदर्शक पिशवीतून पडणारा उजेड ही क्रिया वेगाने घडवतो. पिशवी आणखी जाड घेतल्याने फरक पडेल, पण थोडाच.

वेफर्सचे पाकीट एकाच प्लास्टिकचे नसते. बाहेरचा थर छपाईसाठी आणि मजबुतीसाठी, आतला थर उष्णतेने चिकटण्यासाठी आणि मधल्या फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, अशी त्याची साधारण रचना असते. निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून ती फिल्मवर बसवतात. हा थर एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो, तरीही ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड या तिघांनाही तो बऱ्याच अंशी अडवतो. (हेच एकमेकांना चिकटलेले थर पुढे वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला ही पाकिटे घेत नाही.) पाकिटात भरतात तो नायट्रोजन. तो तेलाशी संयोग पावत नाही आणि वेफर्सना चुरा होण्यापासूनही वाचवतो. त्यामुळे ती फसवणूक नव्हे. मात्र पाकिटाच्या आकारावर न जाता छापलेले वजन पाहूनच खरेदी करावी.

आपण अन्नासाठी योग्य असलेले, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले पाउच घ्यावेत. नायट्रोजनचे यंत्र घरगुती व्यवसायाला परवडत नसेल, तर ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकता येते. तिच्यातील लोखंडाची पूड गंजते आणि गंजताना पाकिटातील ऑक्सिजन वापरून टाकते. ही पुडी सध्याच्या पिशवीत घालणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे होय, कारण आतला ऑक्सिजन संपेल तसा बाहेरून नवा येत राहील. सिलिका जेलची पुडी फक्त ओलावा शोषते, खवटपणावर तिचा उपयोग नाही. चकली पूर्ण निवल्यावरच भरावी आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल तळणासाठी वापरू नये. तेलच बिघडलेले असेल, तर उत्तम पाउचही ते सुधारू शकत नाही.

वर्तमानपत्राचा वापर मात्र आजच थांबवावा. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम, तेलकट पदार्थात उतरतात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न ठेवण्यास किंवा गुंडाळण्यास वर्तमानपत्र वापरण्यास मनाई आहे. वडापाव कागदात बांधून घेण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे, की त्यात काही गैर वाटत नाही, हे खरे. चकल्या स्टीलच्या चाळणीत उभ्या ठेवल्या, की तेल खालच्या ताटात निथळते आणि कागदाची गरजच उरत नाही.