विमान किती वेळात पोचतं? तुमचे प्रश्न

लेक दुबईत असते. जातानाच्या तिकिटावर पावणेदोन तासांचा फरक दिसतो आणि येताना सव्वाचार तासांचा, असं कसं? (घोडबंदर रोड)

ताई, तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. मग उरतात जाताना सव्वातीन तास आणि येताना पावणेतीन. मुंबई-दुबई अंतर दोन्हीकडून तेच, साधारण 1,930 किलोमीटर, पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात, त्यामुळे जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून. पावसाळ्यात आपल्याकडचे वरचे वारे उलटे वाहायला लागतात, तेव्हा हा फरक कमी होतो.

मुंबई-दिल्ली सरळ अंतर 1,150 किमी, विमानाचा वेग 850, मग सव्वादोन तास कशाला? (खारघर)

हिशोब बरोबर आहे, पण तिकिटावरची वेळ म्हणजे फक्त हवेतली वेळ नाही, विमान स्टँडवरून मागे ढकललं तिथपासून दिल्लीच्या स्टँडवर जाऊन उभं राहिलं तिथपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. शिवाय 850 चा वेग फक्त वर गेल्यावर, 10,000 फुटांखाली साधारणपणे ताशी 460 किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे चढताना आणि उतरताना वेळ जातोच. त्यात मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो आणि गर्दीच्या वेळी टेकऑफसाठी रांग लागते, उतरणारी विमानं वर घिरट्या घालत बसतात. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात, म्हणून कधीकधी उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, सकाळच्या फ्लाइटला जोडून पुढचं तिकीट कृपा करून काढू नका.

ठाण्याहून नागपूरला विमान बरं की समृद्धी? (वागळे इस्टेट)

समृद्धी 701 किलोमीटरचा, जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू आहे म्हणजे ठाणेकरांना तर दारातच, आठ-नऊ तास धरून चाला. विमान दीड-पावणेदोन तासांचं, पण घरून एअरपोर्ट, दोन तास आधी चेक-इन, उतरल्यावर बॅगेची वाट, पुढे रिक्षा, हे सगळं धरलं की पाच-साडेपाच तास सहज होतात. एकटे असाल तर विमानच घ्या. चौघं आणि सामान असेल तर गाडी परवडते, पण रस्ता सरळसोट असल्याने डोळ्यावर झापड येते, तेव्हा टायर तपासून निघा, रात्री एकट्याने चालवू नका आणि दर दोन तासांनी थांबाच. वेळ वाचवायला जीव धोक्यात घालायचा नाही.

ऐरोलीहून कुठला एअरपोर्ट जवळ? (ऐरोली)

मुलुंडच्या पुलावरून गेलात तर जुना मुंबई एअरपोर्ट तसा जवळ, पण संध्याकाळचा ट्रॅफिक बघा. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला, तो उलवे-पनवेलकडे आहे. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय, तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून कॅब बुक करू नका, आधी कोड बघा.